मोरीतलं सूत

पाणी आलं चौथ्या दिवशी, पहाटे सव्वातीनला,
आणि सिंक तुंबलेलं.
सोडा ओतला, लिंबू पिळलं, वायर घातली,
रबराचा पंप दाबून दाबून खांदा भरून आला.
पाणी काठाशी येऊन थांबलं
वर शेंगाचटणीच्या तेलाची लाल साय घेऊन.
खाली बादल्या भरायच्या होत्या. भरल्या.

त्याच दिवशी भंगार द्यायचं ठरलेलं.
जुळे सोलापूरच्या फ्लॅटात
दोन खोल्या, एक गॅलरी, आणि मागाला जागा नाही.
हे डबल ड्युटी मागून घेऊन गेले पंपावर,
कॅलेंडर न बघता.

मोबाइलवरून बोलावलेल्या पोरानं
नुसते उचलायचेच दोन हजार सांगितले.
मग मी दाजी पेठेच्या कोपऱ्यावर
भिंतीवर गेरूनं लिहिलेला नंबर लावला.
हातगाडी आली. पुढं मल्लव्वा, मागं तिचा सिद्धू.
"पैसे मी देणार की ओ तुम्हाला.
तुम्ही कशाला देताव?"

बीड बत्तीस. पत्रा वीस.
मोटारीतलं तांबं वेगळं, ते तोलायच्या आधी
तिनं मलाच काटा बघायला लावला.
सिद्धूनं घण घातला
तेव्हा शेजारची यल्लम्मा दारात आली,
काही बोलली नाही, परत गेली.
ज्या आवाजावर माझी दोन्ही पोरं झोपायची
तो माग
अकरा तुकड्यांत गाडीवर चढला.
धोटे उरले. लाकडाला भाव नाही म्हणाली,
चुलीला न्या म्हणाले तर म्हणाली, नको,
गुळगुळीत लाकूड लवकर पेटत नाही.

पाणी प्यायला आत आली आणि सिंक बघितलं.
"काय करूलालाव हे? वरून काय होतंय?
दुखणं खाली हाय."
बसली उकिडवी. बादली सरकवली.
वाकडा पाईप दोन हातांनी फिरवला, मोकळा केला.
आधी काळं पाणी, मग वास,
मग चहाची पत्ती, भाताची शितं,
हरवलेला मीठदाणीचा चमचा,
आणि शेवटी हातभर लांब काहीतरी, उंदरासारखं.

नळाखाली धरलं तिनं.
सूत होतं.
बनियनच्या, लुंगीच्या, केसांच्या आडून
रोज धुण्याच्या पाण्यात येत राहिलेलं,
मोरीत एक साठत गेलेलं.
खळबळून धुतलं तर आतून लाल निघालं.
पाणी मात्र लाल झालं नाही.

"हे तुमचं का माझं?" मल्लव्वानं विचारलं,
भंगारवालीचा सरळ प्रश्न.
मी पदराला हात पुसत राहिले.
तिनंच खिडकीच्या गजावर वाळत टाकलं
आणि नोटा मोजता मोजता बजावलं:
ताट आधी कागदानं पुसायचं, मग नळाखाली.
पत्ती कुंडीत. जाळी रोज आपटायची.
रविवारी उकळतं पाणी, भरपूर.
"नवीन घरी तरी नीट ठेवा."
सिंकचे पैसे घेतले नाहीत तिनं.
एक धोटा मागितला, नातवाला गाडी म्हणून.

हे आले रात्री साडेनवाला.
पुढच्या खोलीत दिवा न लावताच आत आले.
नळ सोडला, उभे राहून ऐकलं,
"बरं उतरतंय की पाणी."
मग गजावरचं दिसलं.
दोन बोटांत धरून पीळ उलगडला,
उजेडाकडं नाही नेलं, डोळे मिटूनच,
"डबल वीसचं. चादरीचं."
आणि परत तिथंच ठेवलं.

जेवण झाल्यावर ताट उचललं, कागद घेतला,
कडेकडेनं तेल टिपलं,
बोटाच्या पेरानं, अगदी कोपऱ्यापर्यंत.
मल्लव्वाचं मी अजून काही सांगितलं नव्हतं.
तेलाचा एक थेंब पडला की
अख्खी चादर सेकंडात जायची,
चाळीस वर्षं हेच.