कीथलीतली शेवटची फेरी

हॉलमध्ये क्लोरिनचा वास, भिंतीपलीकडे तलाव.
प्रेक्षक एकोणीस.
त्यातले चार चेक संघाबरोबर आलेले.

या सायकलीला ब्रेक नाही, घंटी नाही,
हँडल वर वळलेलं, बैलाच्या शिंगांसारखं.
उभं राहायचं तर डुगडुगतच.

यॉर्कशरला निघालो तेव्हा
वडील एवढंच म्हणाले होते,
पाय जमिनीवर असू देत.
इथे पाय टेकला की खेळाबाहेर,
आपल्याच गोलरेषेमागे जायचं,
मग परत यायचं.

गोलात ऑर्मरॉड. बासष्ट वर्षांचा,
बस डेपोतून निवृत्त, एक गुडघा नवा.
ब्रनो, गेंट, सेंट गालन,
मोसमभर व्हॅनमध्ये सायकली कोंबून
आम्ही हरायला गेलो,
आणि दर खेपेला येताना
कुठल्यातरी पेट्रोल पंपावर
तो गार सँडविच अर्धं करून द्यायचा, मोठा तुकडा मला.

आजही सात-एक.
त्यातला तो एक:
पुढचं चाक उचललं, फिरवलं,
चेंडू ठप्पकन लागला
आणि जाळी हलली.

मागून ऑर्मरॉड ओरडला, बळवंत!
सहा वर्षं मी बॅल होतो.
आज ळ सुद्धा होता,
जरा वाकडा, पण होता.

मी वळून पाहिलं
आणि माझा पाय टेकला.