इतर हक्क

झिबल मारबतेच्या जाळ्याच्या काठाला
शिशाच्या बत्तीस गुंड्या.
एकतीस त्याने जुन्या बॅटऱ्या वितळवून ओतल्या,
बत्तिसावी आज्याच्या वेळची,
तिच्यावर पाण्याने झिजलेला एक मुकुट.

मी चौतीस वर्षं तलाठी होतो.
शिक्का दिसला की हात चष्म्याकडे जातो.
फोटो पुतणीला पाठवला,
ती कोपनहेगनच्या दप्तरखान्यात कागद लावते.
काका, ही कापडाच्या गाठोड्याची मोहोर आहे.
पेडर होल्टगोर. सतराशे एकसष्ट.

मग रोज रात्री तो थोडा थोडा येत गेला फोनवर.
पिंपं बांधणाऱ्याचा पोरगा,
तरंगमबाडीला कारकून, घामोळ्यांनी बेजार.
कापड घेतलं, गिनीच्या किनाऱ्यावर दिलं
माणसांच्या बदल्यात,
माणसं उतरवली साखरेच्या बेटावर.
चाळिशीत तिथेच जमीन केली.
दोन बायका पुरल्या. चर्चला घंटा दिली.
पवनीच्या कोष्ट्याचं कापड त्यात होतं का,
आणि मोहोर उलटी इथे कशी आली,
कागद बोलत नाही.

मला दुसरं काय येतं?
कोऱ्या पानावर त्याचा सातबारा काढला.
भोगवटादार: होल्टगोर, पेडर.
क्षेत्र तीनशे एकर, पोटखराबा खडकाचा.
पीक ऊस.
पुढे त्याचीच यादी उतरवायची होती:
बैल अकरा, खेचरं सहा,
त्याच शाईत, त्याच ओळीत
कोफी, अमा, लहाना क्वाशी,
एक बाई, डावा हात चरकात गेलेला, किंमत शून्य.
कुळ म्हणून लिहावं,
तर कुळाला निदान कज्जा करता येतो.
'इतर हक्क' मध्ये लिहावं, तर कोणाचा हक्क, कोणावर?

या तलावात मासे धरायचा झिबलचा अर्ज
मी तीनदा परत केला होता.
'नोंद आढळून येत नाही.' सही माझीच, वळणदार.

पान त्याला वाचून दाखवलं.
बैलांपाशी तो हसला, मग हसला नाही.
"मंग त्या बाईचं का झालं?"
पुतणीला विचारलंय. पुढची पानं वाळवीने खाल्ली म्हणते.

गुंडीचे पाचशे देतो म्हटलं,
काचेच्या डबीत ठेवीन.
त्याने जाळं खांद्यावर घेतलं, पाण्यात उतरला
मांडीपर्यंत.
"नाही जमत, साहेब.
एक गुंडी कमी झाली
त मासा तेथूनच निंगते."