डावीच पुसा

पोवई नाक्यावरच्या माझ्या चष्म्याच्या दुकानात
बानुबी आतार एक लाकडी पेटी घेऊन आल्या.
दोन भिंगं, मध्ये नाकासाठी खाच,
पुढे दांडीवर सरकणारी चौकट.
‘काचांना बुरशी आलीय. डावीच पुसा, उजवी राहू द्या.’

सोबत एकच पुठ्ठा. त्यावर एकाच दगडाचे दोन फोटो,
खाली किरट्या शाईत : किकली, वीरगळ, १८७१.

मी दोन्ही पुसल्या. धंद्याची खोड.
पेटी डोळ्यांना लावून दांडी मागेपुढे केली.
दोन दगड एकमेकांकडे सरकले, अडखळले,
आणि एकदम
दगडाला आत जागा झाली.

खालच्या थरात गाई, शिंगांच्या मागे हवा.
वीर पडलेला, ढालीखाली ओंजळभर अंधार.
वरच्या थरात अप्सरा त्याला काखोटीला धरून नेतायत,
आणि त्यांचे पाय खरंच
कशालाही टेकलेले नाहीत.

किकलीच्या देवळात पन्नासदा तरी गेलोय,
या दगडाला टेकून चपला काढल्यात.

फक्त कडेला काहीतरी लुकलुकत होतं.
उजवा डोळा मिटला : दगडाशेजारी एक पोरगा,
लंगोटीतला, हातात कळशी.
दगड भिजवला की कोरीव उठून दिसतं, त्यासाठी असेल.
डावा मिटला : पोरगा नाही. ओलं गवत.

फोटोवाल्याचा कॅमेरा एका भिंगाचा.
एक काच झाली, तिवई अडीच इंच सरकवली,
काळ्या तंबूतून दुसरी काच येईपर्यंत
हा गेला. कुणी हाक मारली असेल.
‘हलू नको’ म्हटलेलं कळलं नसेल,
किंवा कळूनही.

दोन डोळ्यांचं पटलं नाही तर मेंदू निवाडा देत नाही,
आळीपाळीने दोघांचं ऐकतो.
म्हणून दगड ठाम, आणि माणूस
दिव्यात वारा शिरल्यासारखा.

‘आमच्या सासऱ्यांचा आजा,’ बानुबी म्हणाल्या.
‘नाव नाही ठाऊक. पाणी वाहायचा.’
मी म्हटलं, तो नीट दिसायचा नाही, दोष काचेचा नाही.

त्यांनी पदर सावरून पेटी डोळ्यांना लावली.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग, ‘उभा आहे की. चांगला उभा आहे.’

तेव्हा मी त्यांच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं.
देवीत गेलेला, लहानपणीच,
दुधाच्या थेंबासारखा.

पैसे त्यांनी एकाच काचेचे दिले.
‘डावीच सांगितली होती.’