पाचारण

मागायचं नसतं.
आमच्या मंडळीत ती खुर्ची कुणी मागत नाही.
ती आपण होऊन येते, असं म्हणायचं असतं,
आणि येईपर्यंत
दार किलकिलं ठेवायचं, वाऱ्यानं उघडलं असेल अशा बेतानं.

विल्बर्टनं एकदाही तोंडातून काढलं नाही.
फक्त नोव्हेंबरात काळे बूट तळवे बदलायला दिले,
उन्हाळ्यात चांगले धड होते ते.
फक्त बँगोरच्या एका पाळकाच्या अंत्यविधीला
ओळखदेख नसताना पन्नास मैल गेला,
आणि परतल्यावर म्हणाला, "बरीच मंडळी भेटली."
मी बटाटे सोलत राहिले.

जानेवारीत एका रात्री
वरच्या खोलीत उजेड दिसला.
आरशासमोर तो. पायजम्यावर
माझ्या बाबांचा लांब शेपटांचा काळा कोट,
मॉडरेटर घालतात तसा.
गळ्याशी जाळीची झालर हवी, तिथे
माझा क्रोशाचा रुमाल.
आरशाला सांगत होता, "प्रभूची इच्छा."
चांगलं म्हणत होता.
दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मान जरा जास्तच खाली.
मी जिना उतरले, चौथी पायरी करकरते ती गाळून.
एकतीस वर्षांच्या संसारात
कुठली पायरी गाळायची ते पायांनाच कळतं.

आज फेब्रुवारीतला पहिला मंगळवार.
एकाच संध्याकाळी सगळ्या प्रेसबिटरी मतं देतात,
कुठे चहा घेऊन, कुठे शेगडी पेटत नाही म्हणून अंगातल्या कोटानिशी.
आमच्या सभेत स्वतःचं नाव वाचलं गेलं तेव्हा
विल्बर्ट जमिनीकडे बघत बसला म्हणे.
दुसरं नाव डेस्मंड ऑर.
"भला माणूस आहे," घरी येऊन म्हणाला,
कपात चमचा ढवळत,
साखर घातलेली नसताना.

नऊला फोन वाजला.
तो लगेच उठला नाही. म्हणजे,
दोन घंटा मोजून उठला.
"हो. हो. कधीपासून? आलोच."
क्लार्क नव्हता. टेकडीवरची मिसेस मॅकलवी,
एझ्राचा श्वास अडकतोय,
डॉक्टर पाण्याच्या पलीकडे अडकलाय.
मी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.
खोटं कशाला बोलू, निराशा शोधत होते.
तिथे फक्त टॉर्च कुठे आहे एवढाच प्रश्न.
नव्या तळव्यांचे बूट घालून गेला
चिखलात.
बदल म्हणायचं राहूनच गेलं.

पावणेदहाला क्लार्क.
नऊ. नऊ. आणि एक मत तिसऱ्याच कुणाला,
ज्याचं नाव ऐकून आम्ही दोघंही फोनवर हसलो.
बरोबरी. पुढच्या महिन्यात पुन्हा मतदान.
मी ते पाकिटाच्या पाठीवर लिहिलं,
ॲप्रनच्या खिशात ठेवलं,
आणि मनात आलं,
आणखी चार आठवडे नम्रपणाचे.
कसं निभावणार आम्ही!

दीड वाजता दार उघडलं.
"गेला," विल्बर्ट म्हणाला.
"स्तोत्र म्हणू का विचारलं, तर नको म्हणाला.
मेंढ्या मोजून ये म्हणाला.
टॉर्च घेऊन गोठ्यात गेलो. दोनदा मोजल्या.
त्रेपन्न, सांगितलं.
बरोबर, म्हणाला. मग गेला."

अंगाला ओल्या लोकरीचा वास,
बोटांना मेणाचा.
एकतीस वर्षांत प्रथमच
त्यानं प्रार्थनेसारखं काही म्हटलं नाही
आणि मला तो पाळक दिसला.

चहा ओतला. वाफेपलीकडून,
माझ्याकडे न बघता:
"फोन आला होता का कुणाचा?"
"नऊ-नऊ," मी म्हटलं.

काही बोलला नाही.
बूट काढले, शेगडीपाशी उपडे ठेवले,
आणि वाकून बराच वेळ
अंगठ्यानं
तळव्याची शिवण चाचपत राहिला.