किंचित

मे महिना. पारा पंचेचाळीसवर,
आणि जुन्या शुक्रवारीत मी पंखा बंद करून
पायात मोजे घालून बसलेय.
निखारेंची कुंतल खिडकीतून विचारते,
"काहून वो काकू, कूलर नाही लावला?"
काय सांगू तिला? थंडी वाजून राहिली म्हणू?

धंतोलीच्या लॅबचा कागद फ्रिजवर आहे.
टीएसएच सहा पूर्णांक आठ.
उपाशीपोटी साखर अठ्ठ्याण्णव, म्हणजे नॉर्मल.
"थायरॉइड किंचित मंद आहे," डॉक्टर कडू म्हणाले,
मग इन्सुलिनच्या आकड्याभोवती
निळ्या पेनाने दोनदा गोल केला.
"हे दार ठोठावतंय, पेशी उघडत नाहीत."

मला हसू आलं.
अठ्ठावीस वर्षं मी महालात टपाल वाटलं.
कडी वाजवायची, नाव घेऊन हाक द्यायची.
आत टीव्ही चालू, चपला उंबऱ्याशी,
तरी कुणी येत नाही.
मग पाकिटावर लिहायचं: दार बंद.
उद्या पुन्हा.
परवा पुन्हा.

माझ्या आतही असंच चाललंय म्हणे.
एकाने भागत नाही म्हणून दोन पोस्टमन,
मग चार, मग अख्खं ऑफिस रस्त्यावर,
चिमूटभर साखरेचं पाकीट घेऊन
गल्ल्यागल्ल्यांत धापा टाकतंय.
टपाल साचलेलं दिसत नाही,
म्हणून साहेब खूश.
दमतं कोण, ते रजिस्टरात येत नाही.

"मग हे त्या थायरॉइडमुळेच?"
"संबंध असावा. नक्की नाही सांगता येत.
गोळी आत्ता नको. चाला.
तीन महिन्यांनी पुन्हा रक्त."
आणि दारातून निघताना,
"तर्री-पोहे रोज खाता का हो?"

घरी हे म्हणाले, "म्हणजे काहीच नाही झालं तुले."
किंचित म्हणजे काहीच नाही?
पिनकोडचा एक आकडा किंचित चुकला
की महालचं पत्र मानकापूरला जातं, बाप्पा,
आणि तिकडे कुणाची तरी मुलाखत होऊन जाते.

पहाटे साडेपाचला निघते आता,
ऊन चढायच्या आत.
तलावाला दोन चकरा,
परतताना पाय आपोआप जुन्या बीटात वळतात.
तीनशे बारा नंबर,
ज्यांनी माझ्या हाकेला कधी ओ दिली नाही,
त्यांचं दार आज सताड उघडं. आत कुणी झाडत होतं.
मी थांबले नाही.
डावा खांदा तेवढा सवयीने खाली झुकला,
पिशवी नसताना.