कार्बन कॉपी

स्टेशन डायरी म्हणते, रात्री दीड ते चार
कॅमेरा बंद होता.
लॉकअपमधला सुदाम वाघे
मोरीत पाय घसरून पडला.
घसरला पाय,
आणि वळ उठले तळव्यांवर.

मी कॅमेरे दुरुस्त करतो, तुर्भे नाक्याला.
त्याच संध्याकाळी तिथे नवी केबल टाकली,
साडेसातशे रुपये. अजून आले नाहीत.
चालू झाला तेव्हा हवालदारानं
स्क्रीनवर स्वतःला बघून
भांग नीट केला होता.

ठाण्याच्या कोर्टात सरकारी वकील विचारतात,
ठाण्यातलं तुम्हाला काय ठाऊक?
मी पावतीपुस्तक पुढे करतो.
कार्बनची निळी प्रत, खाली त्यांचीच सही.

मागच्या बाकावर वाघेची बायको
मोठ्यानं वाचलेली तारीख
बोटानं मांडीवर गिरवते.
अक्षरं येत नाहीत तिला.
आकडे येतात.