पावाची गाडी

अकरा वर्षं या गाडीतून मी पाव वाहिला,
नारीनपासून वरच्या गावांपर्यंत,
पहाटे चारला, काचेवर बर्फ
आणि पाठीमागे ऊन ऊन फळ्या.
मग बेकरी बंद पडली.
आता त्याच फळ्यांच्या खाचांत
गुल्काइर नावाच्या पोरीने फोटो अडकवलेत,
आणि मी तिचा ड्रायव्हर.
पावातलं मला कळतं. फोटोंचं विचारू नका.

नव्या रंगाखालून जुनी अक्षरं अजून वाचता येतात,
म्हणून गावात शिरलो की बायका पिशव्या घेऊन धावतात.
मी दार उघडतो.
आत पाव नाही, आत त्याच :
दुकानात सुट्टे मोजताना,
छपरावर कुरुताच्या गोळ्या वाळत घालताना.
बंद पडलेली लाडा ढकलणारी तीन पोरं,
आणि आत बसून खिदळणारा चौथा.
"हे तर आम्ही रोजच बघतो," एक म्हणाली,
आणि तासभर जागची हलली नाही.
एका मेंढीवरून दोन घरांत जुंपली,
कान कापलेला कुणाच्या खुणेचा म्हणून.

मामबेतकुल सगळ्यांत शेवटी आला.
दार बुटकं, वाकूनच आला,
आणि नवव्या फोटोपाशी तसाच वाकलेला राहिला.
हातपंपावरून परतणारी बाई, पाठमोरी.
चेहरा नाहीच.
रुमालाची गाठ, डाव्या बुटाला निळी नाडी,
हातात बादली,
आणि मागे धुळीत पाण्याची काळी रेघ
पंपापासून थेट तिच्या टाचेपर्यंत.

"बादली गळतेय," तो म्हणाला.
बऱ्याच वेळाने, "मी करतो म्हणालो होतो."
मग जरा चिडूनच,
"आता ही अख्ख्या जिल्ह्याला दिसणार."

गुल्काइरने फोटो काढून द्यायला हात वर केला.
त्याने तो हात धरला.
"पुढे कुठे जाणार तुम्ही?"
खिंडीपलीकडे, मी म्हणालो, मोठ्या तळ्याकडे.
"गेली ती तळं न बघताच.
असू दे. राहू दे गाडीत."

सकाळी इंजिन तापवत होतो
तर हा रस्त्याच्या मधोमध उभा.
तीच बादली, बुडाला ताजा डाग दिलेला,
काठोकाठ भरलेली.
वर उचलून खालून दाखवत राहिला मला,
थेंब नाही, बघ, एक थेंब नाही.
बरं केलंस, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
मग ते पाणी त्याने माझ्या रेडिएटरमध्ये ओतलं,
सगळं,
आणि रिकामी बादली उपडी करून तिच्यावर बसला.

खिंडीचा रस्ता वाईट.
पाव असताना मी कधी ब्रेक दाबला नाही,
पाव आपटला तरी पावच राहतो.
मागे काहीतरी लाकडावर टकटक करत होतं.
दोनदा उतरून बघितलं मी.